फेरो, तुली, लातुम : एक लॅटिन क्रियापद अंगात कसं मुरवावं

माझे वडील कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात हमाल होते. ३० किलोचा गुळाचा रवा पाठीवर घ्यायचा, ट्रकपर्यंत न्यायचा, मोकळ्या पाठीनं परत यायचं आणि पुढचा घ्यायचा. संध्याकाळी येताना ते रद्दीत निघालेल्या जुन्या पट्ट्या, म्हणजे मालविक्रीच्या हिशोबाचे छापील कागद, माझ्यासाठी आणायचे. पट्टीची पाठ कोरी असायची, तिच्यावर मी गणितं सोडवायचो. पुढच्या बाजूचे छापील रकाने बघून बघून पाठ झाले होते : अडत, हमाली, तोलाई, भराई.

ह्यातल्या तोलाई आणि भराई ह्या दोन शब्दांनी मला लॅटिनमधलं एक अवघड क्रियापद शिकवलं. ते क्रियापद म्हणजे फेरो, अर्थ ‘मी वाहतो’. हे एक नीट कळलं की इंग्रजीतले पंचवीस-तीस शब्द, बारावीच्या जीवशास्त्रातल्या जीभ अडखळवणाऱ्या संज्ञा आणि परसातल्या झाडांची शास्त्रीय नावं एका दोऱ्यात ओवली जातात. २९ वर्षं ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं, आता मंगळवार पेठेत घराच्या माडीवर संध्याकाळी मुलं येतात. कुणी नीटची तयारी करतंय, कुणी एमपीएससीची. सगळ्यांना मी पहिल्या आठवड्यात फेरो शिकवतो. कसं शिकवतो ते इथं मांडतो, म्हणजे तुम्हाला घरबसल्या करता येईल.

आधी चार रूपं

मराठी कोशात आपण ‘वाहणे’ शोधतो, संस्कृतात धातू शोधतो. लॅटिन कोशात मात्र ‘मी वाहतो’ हे रूप शोधायचं असतं. म्हणून फेर्रे शोधत बसू नका, फेरो शोधा. त्याच्यापुढं ओळीनं चार रूपं दिसतील : फेरो, फेर्रे, तुली, लातुम. पहिलं ‘मी वाहतो’, दुसरं ‘वाहणे’, तिसरं ‘मी वाहिलं’, आणि चौथ्यावरून ‘वाहिलेला’ हे विशेषण तयार होतं. ही चार रूपं मोठ्यानं, चालीत म्हणा. पाढे म्हणतो तशी. ह्या सगळ्या अभ्यासात घोकायचं म्हणून एवढंच आहे, पण हे चुकवू नका, कारण इंग्रजीनं काही शब्द ‘फेर’वरून उचललेत आणि काही ‘लात’वरून. चौथं रूप माहीत नसेल तर अर्धं घर कुलूपबंद राहतं.

उच्चाराबद्दल एक सांगतो. इंग्रजी शाळेची सवय झालेली मुलं ‘टुली’, ‘लाटम’ म्हणतात. रोमनांचा तो वर्ण आपल्या दंत्य ‘त’सारखा होता. आपण सरळ तुली, लातुम म्हणायचं. ह्याचा उपयोग पुढं लगेच होतो.

दरवर्षी कुणीतरी विचारतंच, “सर, फेरोचं एकदम तुली कसं काय झालं?” मी उलट विचारतो, “तू रोज क्लासला जातोस. काल काय केलंस?” “गेलो.” मग ‘जा’चं ‘गे’ कसं झालं? ‘जातो’ आला संस्कृतातल्या ‘या’ धातूवरून, आणि ‘गेला’ आला ‘गम्’वरून, ‘गत’ ह्या रूपातून. दोन वेगळ्या धातूंनी मिळून एका क्रियापदाचा संसार चालवलाय आणि आपल्याला त्याचं काही वाटत नाही, कारण आईच्या मांडीवरच शिकलो ते. इंग्रजीत गो आणि वेन्टचंही असंच. फेरोतही दोन धातू आहेत : फेरो आणि फेर्रे एका धातूची, तुली आणि लातुम दुसऱ्याची. लातुमचं जुनं रूप त्लातुम, सुरुवातीचा ‘त’ झिजून गेला.

आता पट्टी काढा

सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कोलकात्यात एशियाटिक सोसायटीपुढं भाषण केलं आणि संस्कृत, ग्रीक, लॅटिन ह्या भाषा एकाच मूळ भाषेतून निघालेल्या असाव्यात असं सांगितलं. त्यानंतर पंडितांनी ह्या भाषांमधल्या ध्वनींच्या जोड्या लावल्या. आपल्याला त्यातली एकच जोडी पुरे : लॅटिन शब्दाच्या सुरुवातीला ‘फ’ असेल तिथं संस्कृतात पुष्कळदा ‘भ’ असतो आणि इंग्रजीत ‘ब’. लॅटिन फ्रातेर, संस्कृत भ्राता, इंग्रजी ब्रदर. लॅटिन फुई म्हणजे ‘मी झालो’, संस्कृत भू, इंग्रजी बी. आता फेरो ठेवा. संस्कृतात भरामि, इंग्रजीत बेअर.

म्हणजे फेरो हा आपला ‘भृ’ धातू. भार, भारा, भरणपोषण, भर्ता, भार्या, विश्वंभर हे सगळे त्याचे. मराठी ‘भरणे’ही त्यातूनच आलं, आणि म्हणून भराई. कोल्हापुरात आपण ‘जगात भारी’ म्हणतो, त्यातला ‘भारी’ भारावरून आलेला, तो ह्याच घरातला. आणि तुली? तो आपला ‘तुल्’. तुला म्हणजे तराजू, तोल, तोलणे, तोलाई. मूळ अर्थ उचलणे, पेलणे. उचलून बघितल्याशिवाय वजन कळत नाही, म्हणून उचलण्याचं तोलणं झालं. इंग्रजीतला टॉलरेट ह्याच मुळाचा, म्हणजे पेलून धरणे. टॅलेंट हा शब्दही मूळ ग्रीक तालान्तोन, अर्थ तराजू आणि मग वजनाचं एक माप.

पट्टीवर भराई आणि तोलाई शेजारी शेजारी छापलेले असतात. फेरो आणि तुली कोशात शेजारी शेजारी छापलेले असतात. हे मला ज्या संध्याकाळी कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून वडिलांना सांगायला खाली गेलो होतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मग हमाली कुठली?” ते शोधायला मला आणखी काही दिवस लागले. हमाल अरबीतला. तिथं ‘हमल’ म्हणजेही वाहणे, आणि गरोदर बाईला त्याच धातूवरून ‘हामिला’ म्हणतात. भाषेचं घराणंच वेगळं, पण विचार तोच. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

काय वाहतोय, ते बघा

कोशात फेरोखाली अर्थांची मोठी रांग असते आणि त्यासमोर इंग्रजी प्रतिशब्द : बेअर, कॅरी, ब्रिंग, एन्ड्युअर, प्रोड्यूस, रिपोर्ट, प्रपोज. मुलं वही काढून ती रांग उतरवायला लागतात. मी थांबवतो. रांग पाठ केली तर चार दिवसांत विरघळते. त्याऐवजी डोळ्यांपुढं एक माणूस उभा करा. अंगावर वजन आहे आणि तो चालतोय. मग एकच विचारा : हा वाहतोय काय? उत्तर आलं की मराठी क्रियापद आपोआप तोंडात येतं आणि त्याच्या मागून इंग्रजी.

ओझं वाहतोय, तर वाहणे. इथं एक गोष्ट जपायची. मराठीत आपण ‘आण’ आणि ‘ने’ वेगळं करतो, इंग्रजीत ब्रिंग आणि टेक वेगळं आहे. लॅटिन फेरोला ही दिशा नाही. वाक्यात कुणाकडं चाललंय ते बघून तुम्हीच ठरवायचं. आज्ञार्थ तर नुसता ‘फेर!’, आपल्या ‘ने!’ आणि ‘आण!’सारखा तोकडा. पुस्तकांच्या तळटिपांत ‘सीएफ’ अशी दोन अक्षरं दिसतात ना, ती ‘कोन्फेर’ ह्या आज्ञार्थाची. ‘दोन्ही एकत्र आण’, म्हणजे ताडून बघ.

निशाण वाहतोय, तर ते मिरवणं आहे. रोमन सैन्यात निशाण धरणाऱ्याला सिग्निफेर म्हणत, आणि ‘सिग्ना फेर्रे’ म्हणजे निशाणं उचलणे, अर्थात फौज हलणे. चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठी बघितली असेल तर हे समजावून सांगायची गरज नाही. काठीवाला एकटा ती उंच काठी पेलतो, बाकीचे दोऱ्या ताणून तिचा तोल सांभाळतात, आणि काठी पुढं सरकली की अख्खी गर्दी सरकते. भृ आणि तुल् दोन्ही त्या एका काठीवर असतात. सिग्निफेर हा शब्द माझ्या वर्गात कुणी कधी विसरलेलं नाही.

झाड वाहतंय, तर फळ धरणे. “औंदा आंब्याला चांगलं धरलंय” असं आपण म्हणतो, लॅटिनमध्ये ‘फ्रुक्तुम फेर्रे’, इंग्रजीत बेअर फ्रूट. जमीन वाहणारी असेल तर फर्टाइल. पोटात वाहत असेल तर ‘वेन्त्रेम फेर्रे’, म्हणजे गरोदर असणे. इंग्रजी बेअरमधून बॉर्न आणि बर्थ आले ते ह्याच वाटेनं, आणि अरबीतली हामिला तुम्हाला आठवलीच असेल.

दुःख वाहतोय, तर सोसणे. इंग्रजीत एन्ड्युअर, किंवा साधं बेअर. लॅटिनमध्ये ‘ऐग्रे फेर्रे’ असा प्रयोग आहे. शब्दशः ‘कष्टानं वाहणे’, पण मराठीत त्याला ‘मनाला लावून घेणे’ म्हटलं तर बसतं.

बोलणं वाहतायत, तर ‘फेरुन्त’. लोक गोष्ट ह्या दारातून त्या दारात नेतात. ह्याचं इंग्रजी ‘दे से’ होतं, मराठीत मात्र आपल्याकडं ह्यासाठी एकच नेमका शब्द आहे : म्हणे. ‘राजा रानात गेला म्हणे.’ फेरुन्तला इतका चपखल प्रतिशब्द मला दुसऱ्या कुठल्या भाषेत दिसला नाही.

कायदा वाहतोय, तर मांडणे. ‘लेगेम फेर्रे’ म्हणजे कायद्याचा मसुदा लोकांच्या सभेपुढं आणणे. मांडणारा तो ‘लेगिस लातोर’, त्याचा झाला लेजिस्लेटर, आपला आमदार. एमपीएससीवाल्यांनी हा इथंच खिशात टाकावा.

आणि रस्ता वाहत असेल, तर ‘नेतो’. “हा रस्ता रंकाळ्यावर नेतो” ह्या वाक्यात जे ‘नेतो’ आहे तेच लॅटिन ‘विआ फेर्त’मध्ये आहे.

मराठी ‘वाहणे’ हे आणखी एक अर्थ सांभाळून आहे, त्याच्याकडं मी मुद्दाम लक्ष वेधतो. अंबाबाईला आपण वेणी वाहतो. तिथं ओझं नाही, अर्पण आहे. हा अर्थ लॅटिनमध्ये यायला पुढचा उपसर्ग लागतो : ओब म्हणजे समोर. ओब आणि फेर्रे मिळून ओफेर्रे, तोच ऑफर. इंग्रजांनी हा शब्द फार जुन्या काळी चर्चच्या लॅटिनमधून घेतला आणि तेव्हा त्याचा अर्थ देवापुढं वाहणे हाच होता. दुकानाच्या पाटीवरची ऑफर खूप नंतरची.

बेअर आणि कॅरी एक नव्हे

इंग्रजी लिहिताना ह्या दोघांची गल्लत होते. बेअर हा इंग्रजीचा घरचा शब्द, आपल्या भाराचा भाऊ. त्यात वजन अंगावर घेणं आहे. बर्डन त्याच मुळाचा, आणि प्रेत न्यायची तिरडी म्हणजे बिअर, तीही. कॅरी मात्र लॅटिन कार्रुस म्हणजे गाडी ह्यावरून फ्रेंचमार्गे आला. मुळात तो गाडीनं वाहतूक. म्हणून खर्च, जबाबदारी, दुःख, साक्ष ह्यांच्यासाठी बेअर, आणि पिशवी, दप्तर, सामान ह्यांच्यासाठी कॅरी. वडिलांच्या कामाचं मी मुलांना असं सांगतो : यार्डातला ट्रक माल कॅरी करायचा, माझे वडील बेअर करायचे.

उपसर्ग लावा, पण चित्र सोडू नका

संस्कृतात ‘हृ’ म्हणजे नेणे. त्याला उपसर्ग लावून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार, उपहार होतात हे शाळेत शिकलो आहोत. फेरोचंही तेच. फरक एवढाच की उपसर्ग लॅटिन आहेत. ते मोजकेच आहेत आणि प्रत्येक एक दिशा दाखवतो, म्हणून मी ते हातानं शिकवतो. री म्हणताना हात मागं, प्री म्हणताना पुढं, ट्रान्स म्हणताना ह्या टेबलावरून त्या टेबलावर.

मागं नेलं, तर रेफर. डॉक्टर पेशंटला दुसऱ्या डॉक्टरकडं रेफर करतात, प्रश्न परत जाणकाराकडं जातो. पुढं ठेवलं, तर प्रिफर. पलीकडं नेलं, तर ट्रान्सफर. एकत्र आणलं, तर कन्फर. आत आणलं, तर इन्फर, म्हणजे पुराव्यातून निष्कर्ष मनात आणणे. भोवती फिरवून आणलं, तर सर्कमफरन्स. खालून पेललं, तर सब आणि फेर मिळून सफर, म्हणजे सोसणे. हा शब्द सांगताना मी हात खांद्यावर ठेवतो. वजन वर आणि माणूस खाली, हे सबमध्ये आहे.

सबचं सफ, ओबचं ऑफ, ॲडचं ॲफ का होतं, हा प्रश्न येतो. उत् आणि लेख मिळून उल्लेख का होतो, सत् आणि जन मिळून सज्जन का होतो? हा संधीच. पुढच्या व्यंजनाचा रंग मागच्यावर चढतो. संधी शिकलेल्या मुलाला लॅटिनची ही पायरी फुकट मिळते. कोन आणि लात मिळून कोलात होतं, ते उल्लेखच्याच रांगेत बसवा.

आता डिस. डिस म्हणजे अलग, वेगवेगळ्या दिशांना. डिस आणि फेर मिळून डिफेर्रे. ह्या एकाच लॅटिन क्रियापदाचे इंग्रजीत दोन शब्द झाले. वस्तू एकमेकींपासून दूर नेल्या, तर डिफर, म्हणजे वेगळं असणे. आणि तारीख दूर नेली, तर डीफर, म्हणजे पुढं ढकलणे. इथं मी थोडं थांबतो, कारण ह्या दोन शब्दांनी आमच्या घराचं नुकसान केलेलं आहे.

मी बारावीला असताना वडिलांनी घराच्या दुरुस्तीसाठी एका बँकेकडं कर्जाचा अर्ज केला होता. उत्तर इंग्रजीत आलं. घरात इंग्रजी वाचणारा मीच. पत्रात अर्ज ‘डीफर्ड’ असं होतं. मला शाळेतलं डिफर तेवढं ठाऊक. मी सांगितलं, “त्यांचं मत वेगळं आहे, म्हणजे नाही म्हणतायत.” वडिलांनी पत्राची घडी घातली आणि ट्रंकेवर ठेवलं. खाली दोन महिन्यांनी पुन्हा भेटा असं लिहिलेलं होतं, ते मी वाचलंच नव्हतं. आम्ही गेलो नाही. त्या पावसाळ्याआधी वडिलांनी सावकाराकडून पैसे उचलले आणि त्याचं व्याज फेडायला चार वर्षं जादा रवे वाहिले. पुढं कॉलेजात गेल्यावर ते पत्र पुन्हा हाती लागलं तेव्हा मला समजलं. म्हणून माझ्या वर्गात डिफर आणि डीफर फळ्यावर वेगवेगळ्या रंगांच्या खडूनं लिहिले जातात, आणि मुलाला दोन्हींचं वाक्य करता आल्याशिवाय मी पुढं सरकत नाही. तुम्हीही सरकू नका. आणखी एक डीफर आहे, वडीलधाऱ्याच्या मताला मान देणे ह्या अर्थाचा. तो वेगळ्या उपसर्गाचा, डी म्हणजे खाली. आपलं मत खाली ठेवणे.

लात घराणं

चौथं रूप इथं कामाला येतं. फेर आणि लात एकाच क्रियापदाची दोन टोकं आहेत, म्हणून इंग्रजी शब्दांच्या जोड्या लागतात. ट्रान्सफरची जोडी ट्रान्सलेट. दोन्हींत ‘पलीकडं नेणे’ आहे, एक माणसाची बदली करतो, दुसरा अर्थाची. ग्रीकमध्ये हेच मेटाफर. मेटा म्हणजे पलीकडं, फेरेइन म्हणजे वाहणे. रूपक म्हणजे एका वस्तूचा अर्थ दुसरीकडं वाहून नेणं, आणि रोमन लोक रूपकाला ‘त्रान्सलातिओ’च म्हणत. रेफरची जोडी रिलेट. कन्फरची जोडी कोलेट. झेरॉक्सच्या मशीनवर कोलेट असं बटण असतं, ते दाबलं की सगळ्या प्रतींची पानं क्रमानं एकत्र येतात. ऑफरची जोडी ओब्लेशन, म्हणजे देवाला वाहिलेलं. वर, सगळ्यांच्या वर नेलेलं ते सुपरलेटिव्ह. आनंदानं उचललेला तो इलेटेड. कसं वाटतंय हे विचारलं तर आपण म्हणतो ‘हवेत आहे’, तसंच.

जोड्या लावायला शिका, जोड्या पाठ करू नका. नवा शब्द दिसला की शेवटी ‘लेट’ काढून ‘फर’ लावून बघा.

नीटवाल्यांसाठी

ॲफरंट आणि इफरंट ह्यांत दरवर्षी मार्क जातात. ॲड म्हणजे कडे, एक्स म्हणजे बाहेर. ॲफरंट आणतो, इफरंट नेतो. मागच्या वर्षी एका मुलीनं विचारलं, “सर, पण कुणाकडं आणतो?” प्रश्न अगदी नेमका होता. उत्तर संज्ञेत नसतं, अवयवात असतं. मूत्रपिंडात बघत असाल तर केशिकागुच्छ हे ठिकाण धरा. ॲफरंट आर्टेरिओल रक्त तिथं आणते, इफरंट तिथून नेते. चेतांमध्ये मेंदू आणि मेरुरज्जू हे ठिकाण. ॲफरंट चेता संदेश तिथं आणतात, इफरंट तिथून स्नायूंकडं नेतात. ठिकाण ठरवून त्यावर बोट ठेवा, मग शब्द वाचा. वास डेफरन्स ही ‘दूर नेणारी’ नळी. पोरिफेरा म्हणजे छिद्रं धारण करणारे, स्पंज. ॲक्विफर म्हणजे पाणी वाहणारा खडकाचा थर.

झाडांची नावं तर घराच्या मागं जाऊनच करा. आमच्या परसात चार झाडं आहेत. आंबा, मँगिफेरा इंडिका. मँगा धारण करणारा, आणि हा ‘मँगा’ दक्षिणेकडच्या भाषांतून पोर्तुगीजांनी नेलेला. नारळ, कोकोस न्युसिफेरा. न्युक्स म्हणजे कवचाचं फळ. ही दोन्ही नावं स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ साली छापली. शेवगा, मोरिंगा ओलेइफेरा. ओलेउम म्हणजे तेल, शेवग्याच्या बियांत तेल असतं. आणि मांडवावर द्राक्षाचा एक वेल, व्हायटिस व्हिनिफेरा, द्राक्षासव देणारा. स्वयंपाकघरात आलात की खसखस, पापावेर सोम्निफेरुम. सोम्नुस म्हणजे झोप, आपल्या स्वप्नाचा भाऊ. झोप आणणारी. ज्या बोंडातली खसखस त्याच्याच चिकाची अफू होते, म्हणून ते नाव. शुक्राच्या पहाटेच्या चांदणीला रोमन लुसिफेर म्हणत, प्रकाश वाहणारी. त्याचंच ग्रीक रूप फॉस्फरस.

इथं पाय घसरतो

‘फर’ दिसला की फेरोच, असं समजू नका. फेरस लोखंडाचा, फेर्रुम ह्या वेगळ्या शब्दावरून. फेरी, म्हणजे होडीनं पैलतीराला नेणे, अर्थानं अगदी जवळची वाटते, पण ती जर्मानिक घराण्यातली. लॅटिट्यूड आणि डायलेट रुंदी दाखवणाऱ्या लातुसवरून आले, लॅटरल बाजू दाखवणाऱ्या दुसऱ्या लातुसवरून. मला सगळ्यात जास्त काळ फसवलं ते इंटरफिअरनं. मध्ये वाहणे म्हणजे मध्ये पडणे, असं मी कितीतरी वर्षं शिकवत आलो. तो फेरिरे म्हणजे मारणे ह्यावरून आलाय. चालताना घोड्याचा एक पाय दुसऱ्यावर आपटतो, त्यालाही इंग्रजीत इंटरफिअर म्हणत. ज्या मुलांना मी चुकीचं शिकवलं त्यातल्या भेटतील त्यांना मी हे सांगतो. तेव्हा शंका आली की कोश उघडा. मोठ्या इंग्रजी कोशात शब्दाच्या शेवटी कंसात व्युत्पत्ती असते. तिथं फेर्रे किंवा लातुस लिहिलंय का आणि त्याचा अर्थ काय दिलाय, दोन्ही बघा.

वही

वहीचं एक पान आडवं धरा. मधोमध फेरो लिहा, खाली तुली, लातुम. भोवती उपसर्गांचे बाण काढा : मागं, पुढं, पलीकडं, खालून, समोर, अलग. प्रत्येक बाणाच्या टोकाला आधी मराठी वाक्य लिहा, तुमच्या घरातलं, तुमच्या गल्लीतलं. मग त्याखाली इंग्रजी शब्द. हा क्रम उलटा करू नका. रोज दोन बाण, जास्त नको. आठवडाभरात पान भरतं. आठवड्यानंतर पानावर हात ठेवून कोऱ्या कागदावर तेच पुन्हा काढा, आणि जिथं अडाल तिथं शब्द बघू नका, मराठी वाक्य बघा.

पहिल्या आठवड्यासाठी हे चार शब्द देतो, उत्तरं तुम्हीच काढायची. व्होसिफरस : ह्यात व्हॉक्स आहे, म्हणजे वाणी. कोरिलेट : दोन उपसर्ग आहेत, आतला आधी सोडवा. रेफरेंडम : शेवट ‘करायचं आहे’ असा अर्थ देतो, कुणाकडं न्यायचं ते तुम्ही ठरवा. आणि डिलेटरी : ह्यात फेर नाही, लात आहे, उपसर्ग डिस. अडलात तर ट्रंकेवर ठेवलेलं ते पत्र आठवा.